बारा पायांची आयसी आणि शालूचे पाहुणे

मी दुरुस्त करायला घेईपर्यंत आमच्या घरचा ॲम्प्लीफायर चालू होता.

म्हणजे अगदी ठणठणीत होता असं नाही. सीताबर्डीच्या बाजारातून आणलेलं, टेपला जोडलेलं ते एक लाकडी खोकं. त्याला स्पीकरचे दोन डबे जोडलेले. एक बैठकीत आणि दुसरा पार मागे, अंगणापलीकडच्या स्वयंपाकघरात, स्टोव्हच्या वरच्या फळीवर. आईला भाकरी थापता थापता गाणी ऐकायची हौस होती, म्हणून ही सोय. तर बैठकीतल्या डब्यातून काही दिवसांपासून गाण्याबरोबर भजी तळल्यासारखा आवाज यायचा. घरातल्या कुणाचीच त्याबद्दल तक्रार नव्हती. पण मला मात्र तो माझा अपमान वाटायचा, कारण मी रेडिओ दुरुस्तीचा पोस्टाने येणारा कोर्स करत होतो! बारा पुस्तकांचा कोर्स. त्यातली सात आली होती. आयसीचा धडा नवव्या पुस्तकात होता.

(एरवी मी हिंगण्याला एका कारखान्यात, स्टोअरमध्ये कामाला होतो. कोणता नटबोल्ट कोणत्या खणात आहे, हे मला झोपेतही सांगता यायचं. तो कशाला लागतो, हे मी कधी विचारलं नव्हतं.)

त्या रविवारी दुपारी चार वाजता माझ्या धाकट्या बहिणीला, शालूला पाहायला कामठीहून पाहुणे येणार होते. याआधी तीन स्थळं येऊन गेली होती. तिघांनीही पोटभर खाल्लं, "कळवतो" म्हणाले आणि कुणीच काही कळवलं नाही. बाबा वरून हसायचे, पण टपालवाल्याची सायकल वाजली की दारात जाऊन उभे राहायचे. तेव्हा या वेळी सगळं नीट व्हायला हवं होतं. पाहुणे बसले असताना बैठकीत मंद संगीत असावं, असं माझ्या मनाने घेतलं. मंद संगीत, आणि तेही बिनभज्यांचं!

शनिवारी मी दुकानात जाऊन दोन आयसी मागितल्या. दुकानदाराने विचारलं, "कोण बसवणार हाय?"

"मीच."

त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मंग चार घेऊन जा."

मला वाटलं, माल खपवून राहिला. तरी चार घेतल्या. (तो माणूस ज्योतिषी होता.)

रविवारी सकाळी नऊ वाजता मी खोकं उघडून बैठकीत मांडी ठोकली. आयसी म्हणजे आवाज वाढवणारा एक काळा तुकडा, बोटाच्या पेराएवढा, दोन्ही बाजूंनी मिळून बारा पाय. आत अशा दोन, एकेका डब्यासाठी एकेक. हात चालवायला जागा मिळावी म्हणून मी आधी सगळ्या वायरी सोडवून टाकल्या. लाल, पिवळी, आणखी एक लाल आणि एक जिचा रंगच उडाला होता ती.

शालू केस वाळवत तिथे आली. "दादा, कोणती वायर कुठची, ते लिहून तं ठेव."

"मले लक्षात राहते."

"मागच्या महिन्यात तू स्वतःची सायकल मंडईत विसरून पायी आला होता."

"ती सायकल होती वं! हे इलेक्ट्रॉनिक्स हाय!"

बारा पायांची जुनी आयसी काढायला मला अडीच तास लागले. नवी बसवायला दहा मिनिटं. बटण दाबलं. फस्स! बैठकीत असा वास पसरला की शेजारच्या काकू भिंतीपलीकडून ओरडल्या, "कोणाचं दूध करपलं वं?" आयसीच्या एका टोकाला खाच असते, आणि ती कोणत्या बाजूला ठेवायची यालाही काही नियम असतो. हा नियम बहुधा नवव्या पुस्तकात असावा. मी जादाच्या दोनांतली एक आयसी बाहेर काढली आणि दुकानदाराला मनातल्या मनात हात जोडले.

साडेतीनला दोन्ही आयसी जागेवर बसल्या. वायरीही जोडल्या. दोन्ही लालमध्ये थोडा घोळ झाला, पण लाल ती लालच! टेप लावला. कॅसेट फिरू लागली, आवाज मात्र नाही. आवाजाचं बटण पूर्ण फिरवलं. तरी नाही. कान डब्याला लावला, तेवढ्यात बाबा धावत आले.

"पाव्हणे कोपऱ्यावर आले! उचल बे हा पसारा!"

उचलायला वेळच नव्हता. मी खोक्यावर आईचा क्रोशाचा रुमाल टाकला, रुमालावर फुलदाणी ठेवली आणि शर्ट बदलायला पळालो. बंद करायचं राहूनच गेलं.

पाहुणे आले. मुलाचे वडील नामदेवराव यांचे कामठीला चार माग होते. उभं आयुष्य मागांच्या खडखडाटात गेल्यामुळे त्यांना कमी ऐकू यायचं, आणि जगालाही तसंच कमी ऐकू येतं अशी त्यांची समजूत होती. "जयभीम!" ते म्हणाले आणि खिडकीतली चिमणी उडाली. सोबत त्यांच्या मिसेस आणि मुलगा सुधाकर. सुधाकर खाली मान घालून, गुडघे जोडून बसला. खाप्याहून खास या कार्यक्रमासाठी आलेली माझी मावशी सांबारवडीची ताटली ठेवून, पाहुण्यांना नजरेने मोजून परत आत गेली. (सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. यावरून पुण्याच्या माणसांशी माझी दोनदा भांडणं झाली आहेत.)

"घ्या न!" बाबा म्हणाले. "सगळं आमच्या शालूनेच केलं."

आणि माझ्या शेजारचा डबा खोकला.

मग त्यातून खणखणीत, अगदी स्वच्छ आवाज आला. भज्यांचा मागमूस नाही! "बाप्पा! पोट्ट्याचा बाप काय गजब मोठ्याने बोलते वं! माह्या खाप्यापर्यंत ऐकू गेलं असंन!"

मावशी!

मी डब्याकडे पाहिलं आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. स्वयंपाकघरातल्या डब्याची वायर मी आवाज बाहेर काढायच्या ठिकाणी न जोडता आत घ्यायच्या ठिकाणी जोडली होती. आईच्या स्टोव्हवरचा स्पीकर आता माईक झाला होता! (मघाशी सगळ्या मधल्या खोलीत साड्या नेसत होत्या, म्हणून डबा गप्प होता.) मी झेप घेतली. पण माझ्या मनगटावर एक भक्कम हात पडला.

"बस गा," नामदेवराव म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर लहान मुलाचा आनंद होता. "किती साफ ऐकू येऊन राहिलं!"

"हळू बोल, ताई," डब्यातून आईचा आवाज आला. "तिकडे ऐकू जाईन."

"काही जात नाही. पोट्ट्याची माय मात्र साधी दिसते हो. पण साडीची नवी घडी मोडून आली, अन् लेबल मांगून लटकून राहिलं."

सुधाकरच्या आईचा हात हळूच मागे गेला. लेबल निघालं. त्यांनी ते पर्समध्ये टाकलं आणि छताकडे पाहू लागल्या.

"शालू," डबा पुढे म्हणाला, "तुले विचारलं का सांबारवडीत काय काय टाकलं, तं काय सांगशीन?"

"सांबार," शालूचा आवाज.

"अन्?"

डब्यातून भांडं पडल्याचा आवाज आला.

"अन्... वडी."

नामदेवराव इतके हसले की बशी हलली. बाबांनी आपली वडी हळूच ताटलीत परत ठेवली. मी पुन्हा उठायला गेलो. मनगट सुटेना!

"अन् बी.ए.ले इंग्रजीत एकदा राहिली, ते बोलू नको बरं," आई म्हणाली.

आता बाबांनी डोळेच मिटले. संपलं सगळं, मला वाटलं. चौथं स्थळही गेलं आणि या वेळी ते मी घालवलं, स्वतःच्या हाताने, सोल्डर करून! तेवढ्यात सोफ्याच्या कोपऱ्यातून बारीक आवाज आला.

"मी दोनदा राहिलो होतो," सुधाकर म्हणाला.

बाबांचे डोळे उघडले. "आमाले तं पहिल्या झटक्यात पास सांगितलं होतं!"

सुधाकरच्या आई छतावरून नजर काढेनात.

"पण वं, पोट्टा कसा वाटला तुले?" मावशीने विचारलं. "फटीतून पाहून तं राहिली होती."

"कान जरा मोठे हाय," शालू म्हणाली. सुधाकरचे कान लाल झाले, त्यामुळे आणखीच मोठे दिसू लागले. "पण चांगला वाटला. ओरडणाऱ्या बापाजवळ इतकं शांत बसता येते ज्याले, तो चांगलाच असंन." मग ती थांबली. "मावशी, हे पण 'कळवतो' म्हणून गेले न, तं मले माह्यं काही नाही वाटत. पण बाबा उद्यापासून पुन्हा टपालवाल्याची वाट पाहात दारात उभे राहतीन. ते मले पाहवत नाही."

बाबा आपल्या पायाच्या अंगठ्याकडे पाहत राहिले. मीही त्यांच्याच अंगठ्याकडे पाहत राहिलो. माझं मनगट कधी सुटलं, मला कळलंच नाही.

नामदेवराव उठले. ताड ताड चालत मधली खोली ओलांडून अंगणाच्या दारात गेले, पडदा बाजूला सारला आणि मागांच्या खडखडाटावर मात करणाऱ्या त्यांच्या गळ्याने ओरडले, "पोरी! कळवत-बिळवत नाही! आत्ताच सांगून राहिलो! पसंत!"

झालं! उघड्या दारांतून तो आवाज स्वयंपाकघरात गेला, तिथल्या स्पीकरमध्ये शिरला, बैठकीतल्या डब्यातून दुप्पट होऊन बाहेर आला, पुन्हा स्वयंपाकघरात गेला... आणि "कूंऽऽऽऽऽ!" असा आवाज उठला की गल्लीतली कुत्री एकदम रडू लागली. शेजारच्या काकू कारखान्याचा भोंगा झाला समजून जेवणाचा डबा घेऊन कामाला निघाल्या. (रविवार होता!) मग फस्स! क्रोशाच्या रुमालातून धूर निघाला. मी फुलदाणी उचलून तिच्यातलं पाणी ओतणार, तेवढ्यात बाबांनी प्लग ओढला आणि आयुष्यात पहिल्यांदाच मला तांत्रिक सूचना दिली: "मूर्खा, करंट हाय त्यात!"

आतून तिघी धावत आल्या. "काय झालं? काय झालं?"

"लग्न जमलं," सुधाकर म्हणाला. त्या दिवसातलं त्याचं ते दुसरं वाक्य.

शालूला सगळं समजलं तेव्हा ती आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. आठव्या दिवशी तिने विचारलं, "दादा, मी कानांबद्दल बोलली, तेव्हा ते हसले का रे?" मी हो म्हणालो. (कान लाल झाले होते, हे सांगितलं नाही.) मग सगळं ठीक झालं.

साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या दिवशी नामदेवरावांनी मला खांद्यावर हात टाकून एका कोपऱ्यात नेलं. मी घाबरलो. त्यांनी शक्य तितक्या हळू आवाजात (म्हणजे अर्ध्या मांडवाला ऐकू जाईल असं) सांगितलं, "तीस वर्षं झाली, पण आमच्या घरच्या बायका सैपाकघरात माह्याबद्दल काय बोलतात, मले एक शब्द ऐकू आला नाही. तुमच्यासारखी एक मशीन मले पण बनवून द्या न, इंजिनिअरसाहेब!"

इंजिनिअरसाहेब! माझी छाती फुगली. सहा नव्या आयसी आणल्या. एव्हाना नववं पुस्तकही आलं होतं. ते मी दोनदा वाचलं, वायरी लिहून ठेवल्या आणि महिनाभर खपून आमचं तेच जळकं खोकं टेपसकट कामठीला नेऊन जोडलं. नामदेवरावांनी घरच्या सगळ्या बायकांना काहीतरी निमित्त काढून स्वयंपाकघरात पाठवलं, दार लावलं आणि डब्याला कान लावून बसले. मी बटण दाबलं.

बैठकीतल्या डब्यातून गाणं सुरू झालं. स्वयंपाकघरातल्या डब्यातूनही तेच गाणं. खरखर नाही, धूर नाही, आवाज कसा गोड, स्वच्छ! मी ठरवून बिघडवायला गेलो, आणि जन्मात पहिल्यांदाच माझ्या हातून एक ॲम्प्लीफायर दुरुस्त झाला होता.