काविळीची माळ

मोहाची फुलं वाळायला लागली की त्या वासानं मला घरात बसवत नाही. बायकोबरोबर केलेलं शेवटचं साधं काम तेच. अंगणात बसून दोघांनी फुलं निवडली होती.

इंग्रजांचं राज्य होतं. माझी बायको जनी रोज माझ्या जोडीनं मोहाची दारू प्यायची. पुढं तिचं पोट फुगलं, डोळे पिवळे झाले. तळोद्याचा डॉक्टर म्हणाला, “दारूनं यकृत सडलंय. थेंबभरही देऊ नको.” मी झाडपाला देणाऱ्या म्हाताऱ्याकडून काविळीची माळ आणली. ओल्या काड्यांची ती माळ गळ्यात लांबत गेली की कावीळ उतरते, असं सगळेच मानायचे.

त्या दुपारी फुलं निवडताना माळ बेंबीपर्यंत आलेली पाहून जनी हसली. “देखा, माळ बेंबीलगून उनी. आते मी बरी व्हयनू. टाका थोडीशी.”

“डाक्टर नको म्हने ना?”

“त्यानी माळ देखी शे का?”

मलाही आनंद झाला होता. मी दारूची वाटी भरून दिली. दिवेलागणीला तिला रक्ताची उलटी झाली आणि ती गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तशीच ओल्या काड्यांची माळ करून दाराच्या खांबाला घातली आणि समोर येरझाऱ्या घालत राहिलो. ऊन चढलं, काड्या वाळल्या, दोरा सैल पडला. खांबाची माळही लांबत खाली उतरायला लागली.