सुखाची सूज

कोल्हापूर स्टेशनात गाडी सुटायच्या आधी आईनं खिडकीतून हात घालून माझं मनगट चाचपलं आणि म्हणाली, "जरा अंग धर गं. न्हायतर गल्ली म्हणंल, लेकीला पुण्यात खाया मिळत न्हाय." बहात्तर सालची गोष्ट. नवरा तिकडं कारखान्यात लागलेला. मी हुपरीची, घरात चांदीच्या पैंजणांचं काम, डाग देऊन घुंगरं जोडतच मोठी झालेली. पुण्यात करायचं काय, हेच कळत नव्हतं.

आईचं ऐकलं म्हणा, दोन वर्षांत मी चांगली भरले. फोटो पाठवला तर आईनं तो अख्ख्या गल्लीत फिरवला. "लेक सुखात हाय की!" आणि इकडं ही सुखातली लेक मे महिन्यात स्वेटर घालून बसलेली! भाजी निवडताना डुलक्या, केस पुंजक्यानं हातात, आवाज घोगरा, पाळीचं तर काही खरंच नव्हतं. मला वाटायचं, माहेरच्या आठवणीनं होतंय. गाव सोडलेल्या माणसाला प्रत्येक दुखण्याला हे कारण बरं सापडतं.

शेवटी कॉलनीतल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला लावलं. गळ्यातली थायरॉईड ग्रंथी मंद पडली होती. तिचा रस कमी पडला की सगळं शरीरच संथ होतं, असं त्या म्हणाल्या. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी, बहुतेक जन्मभर. ते ऐकून मी रडले. पण काही महिन्यांत सूज उतरली, डोकं हलकं झालं, कामाला हुरूप आला.

त्या चैत्रात जोतिबाच्या यात्रेला माहेरी गेले. मला बघून आईनं दारातच हंबरडा फोडला. "वाळली की गं माझी लेक! काय केलं त्या लोकांनी?" न्यायला आलेल्या जावयाला तिनं चहा दिला आणि तोंडावर सांगितलं, "पावणं, पोरगी आता धाडत न्हाय." नवरा बिचारा कपबशी धरून माझ्याकडं बघत राहिला. माझा संसार तिथंच मोडतोय की काय, या भीतीनं मी ओरडलेच, "आई, फोटोत मी आजारी होते! ती सूज होती. थंडी वाजायची, झोप सरायची न्हाय, आवाज बसलेला!"

एवढ्या उन्हाळ्यात अंगावर घेतलेली शाल आईनं आवळली आणि घोगऱ्या आवाजात विचारलं, "मग मला गं काय झालंय?"

मी तिच्याकडं पहिल्यांदा नीट बघितलं. फुगलेला चेहरा, विरळ झालेल्या भुवया. सारी गल्ली तिला सुखी बाई म्हणायची आणि तिलाही ते खरं वाटायचं. तिला कोल्हापूरला डॉक्टरकडं नेलं. तिलाही तीच गोळी लागली. मग मी नवऱ्याबरोबर पुण्याला आले, ती कायमचीच.

आता आई नाही. हुपरीला जाणंही कमी झालंय. घर कुठलं, असं कुणी विचारलं की मला त्याच्या पुढच्या वर्षीचं आमचं हुपरीचं दार आठवतं. शेजारणी आईला विचारतायत, "किती वाळलीस गं, सून छळती काय?" आणि आई साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात सांगतेय, "छळतंय कोण! मी आत्ता कुठं जागी झालोय."