कुमुदताईंच्या कीबोर्डातलं तेल

त्या कीबोर्डात तेल मी घातलं होतं. हे पूर्ण, पहिल्यापासून, मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही — बायकोलासुद्धा नाही. तुम्हाला सांगतोय. मध्येच अडखळलो तर सांभाळून घ्या.

मी मूळचा टाइपरायटरवाला. नव्वदच्या दशकात नाशिकमध्ये गल्लोगल्ली टायपिंगचे क्लास होते आणि त्यांची मशीनं माझ्याकडे यायची. टाइपरायटर अडला की शिलाई मशीनचं तेल — आमचं सगळं ज्ञान एवढंच. दोन थेंब सोडायचे, पुसायचं, झालं. मग कॉम्प्युटर आले आणि मीही दुकानाच्या पाटीवर ‘कॉम्प्युटर दुरुस्ती’ रंगवून घेतलं. शिकलो कधी? विचारू नका.

रविवार कारंजाजवळ लग्नपत्रिकांचा एक छापखाना होता. तिथे कुमुदताई कॉम्प्युटरवर मजकूर टाइप करायच्या. कीबोर्ड जुना, दगडासारखा जड. त्यातल्या प्रत्येक बटणाखाली वेगळी डबी — डबीत स्प्रिंग, खालीवर सरकणारा प्लास्टिकचा दांडा आणि दोन बारीक पाती. पाती टेकली की अक्षर उमटतं. ताईंची बोटं सुटली की टकटक रस्त्यावर ऐकू यायची. एका उन्हाळ्यात त्यात धूळ गेली, दोन-चार बटणं खरखरायला लागली, आणि छापखान्याचे मालक अण्णा यांनी मला बोलावलं. ताई जेवायला घरी गेल्या होत्या, अण्णा बाहेर गिऱ्हाइकाशी बोलत होते. मी पिशवीतून तेलाची कुपी काढली आणि प्रत्येक डबीत एकेक थेंब सोडला. ज्या बटणांना काहीच झालं नव्हतं, त्यांनाही. का? कुपी हातात होती म्हणून!

चार दिवस लोण्यासारखं चाललं. मग तेल पात्यांवर उतरलं, त्याने धूळ धरली, चिखल झाला. एकदा दाबलं की अक्षर दोनदा. त्यात लग्नसराई. एका पत्रिकेत नवरदेव ‘रराहुल’ छापला गेला, आणि त्याचे मामा गठ्ठा घेऊन दिंडोरीहून भांडायला आले. “आमचा राहुल काय तोतरा हाय का?”

अण्णांनी बटणं उपटली. खाली काळं तेल. मला बोलावणं आलं. बाइंडर रफिकभाई, कटिंगची दोघं, ताई — सगळे टेबलाभोवती उभे होते.

“हे तेल आलं कुठून?” अण्णा म्हणाले.

सगळ्यांच्या नजरा ताईंच्या वेणीकडे गेल्या. रोज चापूनचोपून तेल लावून वेणी घालायच्या त्या. मी बोटाने ते काळं पुसून नाकाशी नेलं. शिलाई मशीनचं तेल मी झोपेतही ओळखेन — ओळखलंच. आणि मी म्हणालो,

“केसांचं दिसतंय. हाताला लागतं, हातावरून बटणांना.”

‘माहीत नाही’ म्हणता आलं नसतं का? गप्प राहता आलं नसतं?

“अहो, मी हात धुऊन बसते,” ताई म्हणाल्या.

“मग हे काय, देवाने सोडलं?” अण्णा म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो.

दुसऱ्या दिवसापासून बेसिनवर साबण आला. मशीनला बसण्याआधी ताईंनी हात धुऊन अण्णांना दाखवायचे. चाळिशीची बाई, शाळेतल्या मुलीसारखी तळहात पुढे करून उभी — हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्यांनी केसांना तेल लावणं सोडलं. त्याने काय होणार होतं? तेल तर डब्यांत होतं! अक्षरं दुहेरी उमटतच राहिली. मग त्यांना पत्रिकांच्या घड्या घालायला बसवलं, आणि महिन्याभरात त्यांनी काम सोडलं. मी नवा कीबोर्ड जोडून दिला. जुना “भंगारात टाकतो” म्हणून घरी नेला. टाकवला मात्र नाही.

बारा वर्षांनी, घरात इंटरनेट आल्यावर, मी तो माळ्यावरून काढला. नीट करायचाच असं ठरवलं. डब्या उघडल्या, धुतल्या, वाळवल्या — आणि मग वंगणापाशी जो अडकलो! नेटवर एक म्हणतो सिलिकॉन ग्रीस. लावलं, तर बटण चिखलातून पाय काढावा तसं वर येतं. दुसरा म्हणतो, ग्रीस लावाल तर टकटकच जाईल, पातळ तेल घ्या. पातळ तेल! मला सांगतोय! ओळखीचा कुलूपवाला म्हणाला ग्रॅफाइटची पूड — अरे बाबा, तिच्यातून वीज वाहते, सगळी अक्षरं एकदम उमटतील. गंज सोडवायचा फवारा मारून पाहिला, तर एका दांड्याला तडा गेला. तिकडे परदेशातली मंडळी एका थेंबावरून पानंच्या पानं भांडतायत. महिनाभर रोज संध्याकाळी मी हेच करत बसलो.

“त्या डबड्याला काय सोनं लागलंय का?” बायको म्हणाली. मी पुढचा दांडा पुसायला घेतला.

उत्तर निघालं ते इतकंसं. प्लास्टिकला चालणारं पातळ ग्रीस, बारीक ब्रशने, फक्त दांड्याच्या कडांना, दिसेल न दिसेल इतकं. पात्यांना काही म्हणजे काही लावायचं नाही. लावलं, टकटक परत आली, आणि मला स्वतःचा असा संताप आला! एक महिना मी वंगण निवडत होतो की इंदिरानगरला ताईंकडे जायचं टाळत होतो? तेल चुकीचं घातलं ते न कळून. पण ताईंवर ढकललं तेव्हा मला सगळं कळत होतं.

ताई इंदिरानगरला मुलाकडे राहत होत्या. केस पांढरे, आखूड. मी बसलो आणि सुरुवात केली ती ग्रीसपासून, पात्यांपासून.

“अहो, ते तेलातुपाचं राहू द्या,” त्या म्हणाल्या. “काम काय काढलंत?”

मग सांगितलं. ते तेल मी घातलं होतं, मला माहीत होतं, आणि मी तुमच्यावर ढकललं. माफ करा.

त्या म्हणाल्या, “हे मला कशाला सांगता? माझ्या हाताला तेल नव्हतं हे मला तेव्हाही माहीत होतं. हसले त्यांना सांगा.”

त्यांनी चहा विचारला नाही. मी सरळ छापखान्यात गेलो. अण्णा थकले होते, खुर्चीत बसून होते. रफिकभाई घड्या घालत होते. मागे मशीन धडधडत होतं, त्यामुळे मला ओरडूनच बोलावं लागलं — कुमुदताईंबद्दल सांगायला आलोय.

“कोण कुमुद?” अण्णा म्हणाले.

“अरे वो, साबणवाली बाई,” रफिकभाई म्हणाले.

“साबणवाली नाही, रफिकभाई,” मी म्हणालो. “कुमुदताई. त्यांचे हात स्वच्छ होते. ते तेल मी घातलं होतं, आणि इथेच उभा राहून मी तुम्हा सगळ्यांशी खोटं बोललो. त्याची माफी मागायला आलोय.”