डब्यावर लिहिलेला बार

आर्डिथ टोर्विकने एकतीस वर्षं ड्राय फोर्कच्या शाळेची बस चालवली होती, त्यामुळे गावातल्या पन्नाशीच्या आतल्या कुठल्याही पुरुषाचा रुबाब तिच्यासमोर फार वेळ टिकत नसे. कोण कुठल्या वळणावर ओकायचा, कोण डबा घरी राहिला म्हणून रडायचा, सगळं तिच्या लक्षात होतं. मर्ल हाउगेन तर तिच्या पाठीमागच्या पहिल्याच बाकावर बसायचा, कारण मागची पोरं त्याला बुकलत. आता त्याच मर्लच्या मालकीचं डोंगरापर्यंत पोचणारं रान होतं आणि त्या रानाच्या फाटकाची किल्ली कुणाला द्यायची, हे तो ठरवत होता.

त्या किल्लीवर आर्डिथचं सगळं अडलेलं होतं. बर्फ पडायला लागला की एल्कचे, म्हणजे तिकडच्या थोराड सांबरांचे, कळप डोंगरावरून मर्लच्या रानात उतरत. आधी नवऱ्याबरोबर आणि तो गेल्यावर एकटी, अशी बेचाळीस वर्षं ती तिथे शिकारीला जात होती. दुकानातलं गोमांस तिच्या घरात कधी शिजलं नव्हतं. पण जखमी जनावर रानात तडफडत फिरू नये म्हणून मर्लच्या बापाने एक नियम घालून दिला होता. मोसमाच्या आधीच्या शनिवारी मैदानावर यायचं, शंभर यार्डांवर केकची कागदी ताटली लावायची आणि तीन गोळ्या मारायच्या. तिन्ही ताटलीत बसल्या तर किल्ली, नाही तर पुढच्या वर्षी. या नियमातून कुणालाच सूट नव्हती.

आणि त्या वर्षी मार्चमध्ये आर्डिथ अंगणातल्या बर्फावरून घसरली. उजव्या खांद्यात दोन स्क्रू बसले. डॉक्टर म्हणाला, बंदुकीचं आता विसरा. मुलगा लाइल बिलिंग्जहून फोनवर म्हणाला, आई, मी तुला अर्धा बैल कापून, पाकिटं करून आणून देतो. तुझा बैल तुझ्याच फ्रीजरमध्ये ठेव, असं सांगून तिने फोन ठेवला. सदुसष्टाव्या वर्षी दुसऱ्याने दिलेलं मांस खात बसायचं, या विचारानेच तिच्या तोंडाला कडू चव आली.

ऑगस्टमध्ये बर्निस साथर नवऱ्याच्या वस्तू विकते आहे असं कळलं, तशी आर्डिथ तिच्या घरी गेली. बर्निसचा नवरा ऑरिन त्याच हिवाळ्यात वारला होता. त्याची रायफल अख्ख्या जिल्ह्यात प्रसिद्ध होती. एका वेळी एकच काडतूस घेणारी, आणि नळी एवढी रुंद की करंगळी आत जावी. माझी बंदूक दोन्ही बाजूंनी मारते, असं ऑरिन छाती ठोकून सांगायचा. हा खेळ बायकांचा नव्हे, हे तो आर्डिथकडे बघून हमखास जोडायचा. एकोणऐंशीव्या वर्षापर्यंत एक हिवाळा असा गेला नाही की त्याने एल्क आणला नाही.

आर्डिथने खालची दांडी ओढली, ठोकळा खाली सरकला. मागच्या बाजूला उजेड परतेल असं अंगठ्याचं नख धरून तिने पुढून नळीत पाहिलं. आतल्या आट्या स्वच्छ होत्या. एकाही स्क्रूचं डोकं खरवडलेलं नव्हतं, म्हणजे हौशी हातांनी ती कुणी उघडलेली नव्हती. बंदूक चांगली जड होती आणि तिला हवी होती ती जडच. जड बंदूक धक्का स्वतः पिते. शिवाय एवढी मोठी शिशाची गोळी सावकाश गेली तरी आपलं काम करते, मग दारू ठासून भरायची गरज काय, असा तिचा हिशोब होता. बर्निसने तो नीट ऐकला आणि ती म्हणाली, "ऑरिनला शेवटची काही वर्षं कोट घालायला मीच मदत करायचे. हात वर जायचा नाही त्याचा." मग तिने ऑरिनने स्वतः भरलेल्या वीस काडतुसांचा डबाही बंदुकीबरोबर दिला. त्यावरच्या लेबलावर ऑरिनच्या ठसठशीत अक्षरात दारूचं नाव आणि वजन लिहिलं होतं. काडतुसं भरायच्या पुस्तकातलं ते सगळ्यात जहाल पान होतं.

दुसऱ्या दिवशी ती काडतुसाच्या बुडाला बसवायच्या, ठिणगी पाडणाऱ्या टोप्या घ्यायला दुकानात गेली, तर गल्ल्याशी मर्ल टेकून उभा. बातमी पोचलीच होती.

"मिसेस टोर्विक, ती बंदूक भिंतीवर फार छान दिसेल हो," मर्ल म्हणाला. "माझ्याकडेही तसलीच आहे, आणि मी सहा वर्षं ऑरिनच्याच लेबलावरचा बार भरतोय. दर वेळी दात हलतात. तुमचे ते स्क्रू बाहेर येतील."

"माझ्या स्क्रूंची काळजी माझा डॉक्टर करतो. त्याचे पैसे घेतो तो."

मर्लला चेव आला. "बर्निसने काडतुसं दिलीत ना? मोसमाआधीच्या शनिवारी ऑरिनचा बार मारून दाखवा. तिन्ही ताटलीत बसल्या तर पहिल्या दिवशी मी स्वतः फाटक उघडून उभा राहीन, टोपी काढून."

"दुसऱ्याने भरलेलं काडतूस मी माझ्या बंदुकीत घालत नाही. माझ्या बापाचंसुद्धा घातलं नसतं."

"ऑरिनचं पण?"

"का, ऑरिन काय देवाघरून दारू आणत होता?"

ड्राय फोर्कमध्ये ऑरिनच्या काडतुसांवर शंका घेणं म्हणजे प्रार्थना चालू असताना चर्चमध्ये हसण्यासारखं होतं. आर्डिथ टोप्यांचं खोकं उचलून चालती झाली.

घरी येऊन तिने पोकळ प्लास्टिकचा हातोडा काढला. त्याच्या डोक्यात काडतूस अडकवून दगडावर आपटलं की गोळी आणि दारू सुटून खाली येते. पहिल्या काडतुसाची दारू तिने तराजूत ओतली आणि तिच्या कपाळाला आठी पडली. लेबलावर लिहिलं होतं त्याच्या दोन तृतीयांशही नव्हती. तिने तराजू पुसला, शून्यावर आणला, दुसरं फोडलं. तेवढीच. दहा काडतुसं फोडली आणि दहाही अगदी काट्यावर सारखी निघाली. दारू तीच होती, तिच्या फळीवर होती तशीच बारीक काड्यांची. म्हणजे ऑरिनचा हात चुकलेला नव्हता. ऑरिन लेबलावर खोटं लिहीत होता.

कोटाचं आठवून तिला आधी हसू फुटलं. मग मात्र तिचं डोकं असं तापलं की ती उठून स्वयंपाकघरात फेऱ्या मारू लागली. मेला स्वतःचा खांदा सांभाळून बसला आणि तिला बायकांचा खेळ नव्हे म्हणून ऐकवत राहिला. खांदा दुखतो म्हणायला एवढी कसली लाज? दुसऱ्याची दारू डब्यात परत घालायची नसते, ती फुलझाडांना जाते. तेव्हा ऑरिनची शेखी तिने गुलाबांच्या आळ्यात ओतली आणि दहा काडतुसं तशीच ठेवून दिली.

मग ती स्वतःच्या कामाला लागली. बसच्या चाकांना लावायची जुनी शिशाची वजनं गॅरेजवाल्याने तिच्यासाठी वर्षानुवर्षं साठवली होती. ती वितळवून तिने साच्यात गोळ्या ओतल्या. पुस्तकात जुन्या, नाजूक बंदुकांसाठी एक मवाळ पान असतं, ते काढलं आणि त्यातल्या सगळ्यात खालच्या आकड्यापासून सुरुवात केली. काडतुसाची पितळी पुंगळी मोठी आणि दारू थोडी असली की नजरचुकीने दोनदा भरली तरी मावते, आणि मग बंदूक फुटते. म्हणून गोळी बसवण्याआधी ती प्रत्येक पुंगळीत टॉर्च मारून बघायची. सगळ्या बघून झाल्या की परत पहिल्यापासून बघायची. खडीच्या खाणीत जाऊन थोडं थोडं वाढवत ती ज्या वजनावर थांबली, ते नेमकं ऑरिनच्या काडतुसांतलं वजन होतं. धक्का बसायचा, पण गायीने अंगाने ढकलावं तसा. खांदा दुखला, मोडला नाही.

मोसमाआधीच्या शनिवारी मैदानावर सगळे हजर होते. आर्डिथने आपला डबा टेबलावर लेबल वर करून ठेवला. त्यावर दारूचं वजन होतं आणि खाली लिहिलं होतं: हलका बार, दुखऱ्या खांद्यासाठी, आर्डिथ टोर्विक. ते वाचून दोघंतिघं मोठ्याने हसले. तिने तीन गोळ्या मारल्या, घाई न करता. तिन्ही ताटलीत, तळहाताखाली झाकतील एवढ्या जवळ.

"या बाराने एल्कला गुदगुल्या होतील," मर्ल म्हणाला.

ऑरिनचं नाव तिच्या ओठांवर आलं होतं. पण पलीकडे बर्निस कॉफी वाटत होती, म्हणून तिने ते गिळलं. "ऐंशी यार्डांपलीकडून मी मारणार नाही," ती म्हणाली. "मला रांगत जवळ जाता येतं. तुझा नंबर आहे, मर्ल."

मर्ल बसला. त्याच्या शेजारूनच तिला दिसलं की चाप ओढायच्या आधीच त्याचा डोळा मिटतो आहे आणि सगळं अंग आखडतं आहे. दोन गोळ्या कशाबशा ताटलीत गेल्या. तिसरीने ताटलीखालची माती उडवली.

कुणीच हसलं नाही. नियम मर्लच्या बापाचा होता आणि तो सगळ्यांना लागू होता. मर्लने खिळ्यावरची किल्ली काढून तिच्याकडे न बघता तिच्या हातात ठेवली. ती गाडीशी आली तेव्हा तो मागे आला, डाव्या हाताने उजवा खांदा चोळत. तेव्हा तिला पहिल्यांदा त्याची कीव आली. खोटं लेबल वाचून सहा वर्षं हा माणूस मार खात होता, आणि वर दात काढून हसत होता. तिने गाडीतून ऑरिनच्या डब्यातलं एक काडतूस आणि हातोडा काढून त्याला दिला.

"घरी एकटा असताना फोड आणि वजन कर. बर्निसच्या कानावर जाता कामा नये."

सोमवारी सकाळी मर्ल तिच्या स्वयंपाकघरात येऊन बसला. त्याने हातोडा टेबलावर परत ठेवला, तिने कॉफी पुढे सरकवली.

"सहा वर्षं," तो म्हणाला. "दर मोसमाला मला वाटायचं, ऑरिन म्हातारा असून सोसतो आणि मला सोसत नाही. माझ्यातच काहीतरी कमी आहे." मग त्याने तिच्या डब्याकडे बोट दाखवलं. "आणि हे लेबल? हे तरी खरं आहे का?"

आर्डिथने डबा त्याच्यापुढे सरकवला. "फोडून बघ."

मर्लने खरंच एक काडतूस उचललं, हातोड्यात अडकवून बाहेरच्या पायरीवर आपटलं आणि दारू तराजूत ओतली. लेबलावरचा आकडा बरोबर होता. तो काट्याकडे बघत राहिला, कारण शनिवारी रात्री त्याने आपल्या घरी हाच आकडा पाहिला होता.

"हा तर त्याचाच बार," तो म्हणाला.

"त्याचाच. मी फक्त डब्यावर खरं लिहिलं." आर्डिथने फाटकाची किल्ली टेबलावर त्याच्यासमोर ठेवली. "ऑरिनचा बार मारून दाखवा म्हणाला होतास. मोसम येत्या शनिवारी उघडतोय. उजाडायच्या आत मी फाटकाशी असेन, आणि येताना टोपी घालून ये, म्हणजे काढता येईल."