अडॅप्टर ‘येतो’ म्हणाला

नववीतून मी शाळा सोडली, पण बोरीच्या शाळेतल्या बाईंनी मला सोडलं नाही. शाळा सुटल्यावर त्या मला कॉम्प्युटरसमोर बसवायच्या आणि स्वतः शेजारी वह्या तपासत बसायच्या. का सोडलीस, असं एकदाही विचारलं नाही. त्या बळावर आज मी पुण्यात वेबसाइट बांधून पोट भरतो. कोणी शिक्षण विचारलं की मात्र अजून विषय बदलतो.

निवृत्तीनंतर बाई विहारातल्या अभ्यासिकेत भरतीची तयारी करणाऱ्या पोरापोरींना शिकवू लागल्या. सराव परीक्षेसाठी त्यांनी माझ्याकडे वेबसाइट मागितली. आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी मागितलं. गावातल्या नेटचा भरवसा नाही, म्हणून ती अभ्यासिकेतल्या जुन्या कॉम्प्युटरवरच चालायला हवी होती; पोरं तिथल्याच वायफायवरून आपापल्या मोबाइलवर पेपर सोडवणार होती. मी वापरतो त्या फ्रेमवर्कला, म्हणजे साइटच्या तयार सांगाड्याला, शेवटी एक अडॅप्टर लागतो. साइट ज्या मशीनवर राहणार, तिथल्या रीतीला तो तिला जुळवून देतो. तयार मिळाले ते सगळे मोठ्या कंपन्यांच्या मशीनसाठी. बोरीचा मलाच लिहावा लागला.

"अडॅप्टर म्हंजी चार्जरचा डब्बा का रं?"

"तसंच धरा बाई. पिना जुळवायचं काम."

दुरुस्तीसाठी जुनी साइट बंद करून नवी चढवताना कोणाचा पेपर मध्येच तुटला तर? या धास्तीनं मी अडॅप्टरला शिकवलं: नवीन कोणाला घेऊ नको, आत असलेल्यांचं संपू दे, मगच बंद हो. तेव्हा पडद्यावर एक शब्द उमटायचा. ‘जातो’ लिहायला हात धजेना. घरातून निघताना आपण तसं म्हणत नाही. मी ‘येतो’ लिहिलं. नवी साइट उभी राहिली की ‘आलो’.

पहिली परीक्षा रविवारी सकाळी दहाला. पावणेदहाला एका प्रश्नाचं उत्तर चुकलेलं दिसलं, पुण्यातून दुरुस्ती पाठवली. दहा वाजून गेले तरी बाईंचा फोन नाही. मीच लावला.

"चालू झालं का बाई?"

"अजून न्हाई. पन येतो म्हनलाय की. पोरं गप बसलीत."

"कधी म्हणाला?"

"तू पाठवलं तवाच."

"बाई, तो येतो म्हणजे... जातो."

त्या म्हणाल्या, "आरं, येतो म्हनून निघाला आन दारातच हुबा ऱ्हायला का मग? मागच्यानं आत यावं कुठून?"

नेमकं तेच झालं होतं. कोणीतरी आधीच पान उघडून बसलं होतं आणि ते संपायची वाट बघत जुनी साइट दार अडवून उभी होती.

"सगळ्यांना पान बंद करायला सांगा बाई."

"ए, मोबाइल बंद करा रे समदे!"

काही क्षणांनी त्या हसल्या. "आलो म्हनायलाय बग."

परीक्षा वीस मिनिटं उशिरा सुरू झाली, पण झाली. मी माफी मागायला लागलो तर म्हणाल्या, "शब्द बदलू नको. लय गोड हाय. फक्त त्याला दारात लय येळ थांबू देऊ नको."

पेपर चालू नसेल तर तीस सेकंदांत निघायचं, अशी मर्यादा मी घातली आणि बाईंना तसं कळवलं.

पुढच्या खेपेला गावी गेलो. परत निघताना बाईंच्या उंबऱ्यात "येतो" म्हणालो. एवढ्या वर्षांचं काहीतरी बोलायचं होतं, ते ओठांवर येईना. तसाच उभा राहिलो.

बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"तीस सेकंद झाले. निघ आता, जिंतूरची एस्टी जाईल."