तिसऱ्या भागातली खुर्ची

मानवतहून परभणीला जाणाऱ्या एसटीत मी आणि आमच्या शाळेतले गणिताचे सर एका तीन भागांच्या मारधाडीच्या सिनेमावरून वाद घालत होतो. पहिला भाग भारी की दुसरा, एवढंच ठरायचं होतं. तिसरा टुकार, यावर आमचं एकमत होतं.

"तिसराच चांगला हाय," पुढच्या सीटवरची बाई मागं वळून म्हणाली. जिनिंगमधल्या कामावरून परतत असावी. तिच्या केसांत, बाहीवर कापसाचे तंतू होते.

सर हसले. "मावशी, त्यात हिरो अर्ध्यातच मरतो."

"मरू द्या की." बाहीवरचा तंतू चिमटीत धरून तिनं खिडकीबाहेर सोडला. "मालकाच्या घरची ती कामवाली दोन भाग नुसती पानी आनायलीय. तिसऱ्यात खुर्चीवर बसून बोलती, अन् समदे उभे राहून ऐकतेत."

"पण सगळ्या परीक्षणांत तिसऱ्यालाच नावं ठेवलीत," मी म्हणालो.

"लिवनारे बसूनच लिवतेत ना?" ती म्हणाली आणि दुसरा तंतू काढू लागली. परभणी येईपर्यंत तिनं मागं पाहिलं नाही.

तिला खोटं पाडायचं म्हणून त्या रविवारी मी तिन्ही भाग पुन्हा लावले. तिसऱ्यात ती कामवाली खरंच खुर्चीवर बसते आणि चांगली पाच मिनिटं बोलते. पहिल्या दोन्हींत ती सारखी पाणी घेऊन येते.

हा सिनेमा मी याआधी तीनदा पाहिला होता. तिच्या हातातला पितळी तांब्या मला आठवत होता. ती आठवत नव्हती.