बावन्नाव्या वर्षी लाथ मारायला शिकले

घर सोडलं त्या सकाळी मी नेहमीसारखी दुधाची किटली घेऊन डेअरीत गेले. उजव्या हातात किटली, डावा हात पदराखाली. आदल्या दुपारी मालकांनी ट्रॅक्टरचा पाना मारून डावं मनगट मोडलं होतं. आमटी आळणी झाली होती आणि मी ‘वरनं मीठ घ्या की’ म्हणाले, एवढंच निमित्त. नवऱ्याला मालक म्हणायची आमच्या भागात पद्धतच आहे, आणि आमच्या घरात तो शब्द अगदी खरा होता. डेअरीत दूध ओतलं. दुधाची फॅट मोजून होईपर्यंत थांबले. चांगली लागली म्हणून बरंही वाटलं. मग रिकामी किटली कट्ट्यावर ठेवली आणि समोर उभ्या असलेल्या कोल्हापूरच्या एस.टी.त चढले. घर सोडून पळणारी बाई कधी फॅट बघून पळते का? मी तशी पळाले.

माझी धाकटी जाऊ वत्सला अजून त्याच घरात आहे, शिरोळच्या पुढं, कृष्णाकाठी. ती फोनवर विचारते, आणि गल्लीतल्या बाकीच्या बायका तिच्या तोंडून विचारतात, की आक्का, तिथं जाऊन तुम्ही नेमकं केलंत काय? ते एकदा लिहूनच टाकते. वत्सलासाठी, आणि माझ्यासारख्या किटली ठेवून निघालेल्या ज्या कोण कुठं असतील त्यांच्यासाठी.

पाना बसला तेव्हा वत्सला दारात उभी होती आणि तिचा नवरा, म्हणजे माझा दीर, अंगणात वैरण तोडत होता. तो बिचारा बायकोवर हात उगारत नाही, पण भावाचा धरतही नाही. माझी आई, तिला आम्ही अव्वा म्हणायचो, सारखी म्हणायची, मारणाऱ्याचा हात धरता येतो, बोलणाऱ्याचं तोंड धरता येत नाही. म्हणजे लोकांच्या बोलण्याला जपून राहा. आमच्या घरात उलटं होतं. बोलणाऱ्यांची तोंडं सगळ्यांनी मिळून धरली, हात मात्र तीस वर्षं मोकळाच राहिला.

कोल्हापुरात ओळखीचं कुणी नव्हतं. सरकारी दवाखान्यात प्लास्टर घातलं, तिथल्याच एका आयाबाईनं शाहूपुरीतल्या एका मेसचा पत्ता दिला. मेसवाल्या काकी विधवा, आवाज फाटका, मन मोठं. त्यांनी माझ्या हाताकडं बघितलं आणि मागची खोली दिली. हात वाकडा जुळला, पण भाकरी थापता यायला लागली. भाकरी तीच, फक्त चुलीऐवजी गॅस. गावात भांडी घासताना मागं कोण येऊन उभं राहतंय ते कानानं बघत राहायचे. इथं मागं फक्त फ्रीज होता, तरी कान कितीतरी दिवस तसेच ताठ राहिले.

मेसच्या वरच्या मजल्यावर एक हॉल होता. संध्याकाळ झाली की वर धाडधाड आवाज व्हायचा आणि छताची धूळ माझ्या पिठात पडायची. एक दिवस तशीच पिठाचे हात घेऊन वर भांडायला गेले. बघते तर पांढऱ्या कपड्यातली पोरं-पोरी हवेत लाथा मारत होती, आणि एक बुटके, टक्कल पडलेले सर ‘हाना, दुल, सेत’ असं काहीतरी मोजत होते. कोरियाची विद्या, तायक्वांदो, असं कळलं. मी म्हणाले, जरा हळू उडा, खाली जेवणं असतात. सर म्हणाले, “हळू उडून काय उपेग मावशी?” मी हाताचं पीठ झटकत खाली आले.

मालकांनी मला शोधलं ते ट्रॅक्टरचा पार्ट आणायला शाहूपुरीत आले तेव्हा. गावातल्या कुणीतरी मला तिथं बघून सांगितलं असणार. दुपारची पंगत भरली होती. त्यांनी आत येऊन माझा अंबाडा धरला आणि मला ताटांमधून ओढत रस्त्यावर आणलं. गुडघे सोलवटले. पायातली चप्पल काढून तोंडावर मारायला लागले. बाहेरगावची माणसं कोल्हापुरी चपलेचं मोठं कौतुक करतात, कारण त्यांनी ती तोंडावर खाल्लेली नसते. तिची टाच म्हणजे लाकूडच. माझी एक दाढ तिथंच गटारीत गेली. जेवणारे पुरुष हातात घास धरून बघत होते. त्यांतला एक जण शांतपणे म्हणाला, “ओ पावणं, हितं जेवणं चाललीत. घरात न्ह्या आणि मग काय करायचं ते करा.”

काकी उकळत्या तेलातला झारा घेऊन धावल्या तेव्हा मालक मागं सरले. जाताना म्हणाले, “ही दिवाळी हितं कर. दिवाळी झाली की न्यायला येतो. चालत न्हाय आलीस तर बांधून न्हेतो.” ते बोलतात ते करतात. पाना मारीन म्हणाले होते तेव्हाही मारला होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुजलेलं तोंड घेऊन मी वर गेले. सरांना वाटलं परत धुळीचं भांडण. मी म्हणाले, धूळ पडू दे, मला शिकवा.

“वय किती मावशी?”

“बावन्न.”

“गुडघं कसं हाईत?”

“दोन हाईत.”

सर हसले नाहीत. माझ्या तोंडाकडं बघून म्हणाले, “उद्यापास्नं या. पैरण-पँटचा पोशाख देतो, लुगड्यात पाय उचलणार न्हाय.”

त्या पांढऱ्या पोशाखाला डोबोक म्हणतात. जन्मात पहिल्यांदा विजार घातली, तीही पांढरी. नवरा जिवंत असताना पांढरं अंगावर घालू नये, असं अव्वा सांगायची. आरशात बघून माझ्या मनात आलं, घातलंच आहे तर घातल्यासारखं होऊन जाऊ दे. असला विचार चांगल्या बाईनं करू नये म्हणतात. मी केला, आणि डोबोकाच्या पट्ट्याची गाठ घट्ट बांधली.

रांग पट्ट्याच्या रंगानं लागते, त्यामुळे माझी जागा सगळ्यात मागं, दात पडलेल्या पोरांच्याही मागं. ती पोरं मागं वळून मला ‘आजी, गुडघा आधी वर’ असं शिकवायची. मार खायचं मात्र मला कुणी शिकवायला लागलं नाही. सरांनी छातीवर ठोसा मारून बघितला, तर माझी पापणीही हलली नाही. त्यांना त्याचं नवल वाटलं आणि मला त्यांच्या नवलाचं. ठोसा येतो म्हटल्यावर तो येणारच, त्यात डोळे काय मिटायचे.

अडलं ते भलतीकडंच. माझी जोडी आरतीशी लावली होती. ती हुपरीची, घरात पैंजण घडवण्याचं काम, हातावर चांदीचे सांधे जोडायला डाग देताना भाजल्याचे व्रण. शाहूपुरीत मोबाईलच्या दुकानात नोकरीला यायची आणि एस.टी.त अंगचटीला येणाऱ्यांना वैतागून इथं आली होती. मी तिच्या कमरेवर लाथ मारली. चांगली बसली. आणि माझा हात आपसूक खाली गेला, तिच्या अंगाला लागला आणि कपाळाला गेला. कुणाला पाय लागला की नमस्कार करायचा, हे अंगात इतकं मुरलेलं, की डोक्याला विचारत नाही. मी वाकले, तेवढ्यात आरतीची दुसरी लाथ कानशिलावर आली. तोंडात रक्त आलं. पुन्हा मारली, पुन्हा वाकले, पुन्हा खाल्ली. तिसऱ्यांदा नाकातून धार लागली, डोबोक लाल झाला आणि आरती रडायला लागली, “काकू, तुम्ही वाकू नगासा, माझा पाय थांबंना झालाय.”

सरांनी मला बाजूला घेतलं. “मावशी, नमस्कार सुरू करताना एक आणि संपल्यावर एक. मधी न्हाय. मधी वाकलासा तर मरशीला.”

तीस वर्षं मी मधेच वाकत आले होते, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्या महिन्यात माझं नाक दोनदा फुटलं, बरगड्या काळ्यानिळ्या झाल्या, पायाच्या बोटाचं नख उचकटून आलं. रात्रीचा स्वयंपाक मी लंगडत करायचे. गावात असल्या अंगानं काम करताना कुणाला दिसू नये म्हणून पदर ओढायचे. इथं पोळी वाढताना एखादा विचारायचा, मावशी, काय झालं, आणि मी सांगायचे, आरतीनं मारलं. सांगताना मला चक्क अभिमान वाटायचा. सरांनी मनगट सोडवणंही शिकवलं. कितीही दांडगा गडी असू दे, त्याची पकड अंगठ्याकडं कच्ची असते, हात तिकडं फिरवून सुटायचं. माझं वाकडं मनगट फिरताना जीव जायचा, म्हणून सर मुद्दाम तेच धरायचे. आणि एक दिवस लाथ मारल्यावर माझा हात खाली गेला नाही. कुणाच्या लक्षातही आलं नाही, फक्त आरतीनं मागं सरून डोळे पुसले.

दिवाळी झाली. मेस बंद असताना भर दुपारी मालक मागच्या दारानं आले. मी तवा घासत होते. त्यांच्या हातात म्हशीचं दावं होतं. बांधून नेईन म्हणाले होते, ते बांधायला घेऊनच आले होते.

“चल. गाडी बाहेर हाय.”

“मी येत न्हाय.”

त्यांनी तेच डावं मनगट धरलं. मी अंगठ्याकडं फिरवलं आणि सुटले. ते क्षणभर स्वतःच्या रिकाम्या हाताकडं बघत राहिले. मग मुस्काटात बसली, ओठ फाटला. मी त्यांच्या गुडघ्याच्या बाजूला लाथ घातली. ऊस मोडावा तसा आवाज आला. ते ओरडत पिठाच्या डब्यावर आपटले, डब्याला धरून एका पायावर उठले, आणि मागून दावं माझ्या गळ्यात टाकून आवळलं. डोळ्यांपुढं अंधार आला. कोपर मागं घातलं, परत घातलं, एक बरगडी दबलेली कोपराला कळली. दावं सैल झालं. मी वळून पोटात लाथ मारली, ते वाकले तसा गुडघा तोंडावर दिला. नाक फुटलं, फरशीवर रक्त आणि दात पडले. ते आडवे झाले.

आडव्या पडलेल्याला मारायचं नाही, हा वर्गातला पहिला नियम. मी मारत राहिले. बरगडीत मारलं, मांडीवर मारलं, पाना धरणाऱ्या हाताच्या बोटांवर टाच दिली आणि बोटं मोडेपर्यंत दाबली. मला फार बरं वाटत होतं. इतकं बरं मला, आता लांब सासरी असलेल्या माझ्या लेकीला तान्हेपणी जवळ घेतानाही वाटलेलं नव्हतं, हे लिहिताना लाज वाटते, पण खोटं लिहून काय करू? मालक म्हणत होते, “शालन, बास. बास की गं.” एवढ्या वर्षांत त्यांनी माझं नाव घेतल्याचं मला आठवत नाही. काकींनी मागून कवळ घालून मला ओढलं. “मरंल की गं त्यो!” मी म्हणाले, मरू दे. त्यांनी माझ्या डोक्यावर कळशी ओतली तेव्हा मी थांबले.

पोलीस आले. माझ्या गळ्यावरचा दाव्याचा वळ बघून त्यांना फार विचारावं लागलं नाही, मला सोडलं आणि मालकांना दवाखान्यात नेलं. सरांनी मात्र शाबासकी दिली नाही. “पडल्यावर किती मारलंसा?” एवढं विचारलं आणि पुढचे कितीतरी दिवस मला लाथ मारू दिली नाही, नुसतं दुसऱ्यांसाठी पॅड धरून उभं केलं. मला राग आला. गावात तर माझं नाव झालं होतं. वत्सलाचे फोन यायला लागले. “आक्का, या आता. भावजी तुमचं नाव काढलं की गप व्हत्यात. घर तुमचंच हाय की आता.”

खरं सांगते, मला जायचं होतं. ते घर मी लिंपलं होतं, तिथल्या म्हशी मी वाढवल्या होत्या. इतकी वर्षं तिथं मार खाल्ला, आता तिथंच राज्य करावं, यात चूक काय? उन्हाळ्यात एका रविवारी गेले. दिरानं वेशीपर्यंत गाडी आणली. बायका दारात उभ्या होत्या. वत्सलानं भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि कपाटाच्या किल्ल्या माझ्या हातात दिल्या. सोप्यात बाजेवर मालक बसले होते. पाय सरळ होत नव्हता, बोटं आखडलेली. त्यांच्या डोक्यावरच्या फळीवर पाण्याचा तांब्या होता. मला तहान लागली होती. मी तो घ्यायला हात वर केला.

मालकांनी दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि भिंतीत शिरायला बघितलं.

दीर हसला. वत्सलाही हसली, तोंडाला पदर लावून. तांब्या माझ्या हातात आला होता, तरी मी हात खाली घेतला नाही. त्यांना तसंच बसलेलं बघत मी गरजेपेक्षा जास्त वेळ उभी राहिले, कारण ते बघायला मला गोड वाटत होतं. मग मला माझीच भीती वाटली. आज तांब्या होता. उद्या मला कशाचा तरी राग येईल, हात वर गेलेलाच असेल, आणि दारात उभी राहून बघायला वत्सला आहेच. घरात हात मोकळाच राहणार होता, फक्त या खेपेला तो माझा असणार होता. मी पाणी प्याले, किल्ल्या वत्सलाच्या ओटीत टाकल्या आणि संध्याकाळच्या गाडीनं परत आले.

वत्सला, तुला अजून कळत नाही की हातात आलेलं घर टाकून आक्का का गेली. मला नीट सांगता येत नाही. दुपारी मेस आवरली की काकी फळीखाली चटईवर आडव्या होतात. चहाचा डबा वरच्या फळीवर असतो. मी त्यांच्या डोक्यावरून हात नेते, डबा काढते, कधी झाकण हातातून सुटून त्यांच्या कानाशी आपटतं. “माझ्यात आलं जास्त घाल,” एवढं म्हणून काकी कुशीवर वळतात. डोळे उघडत नाहीत.